मदत हवी आहे: ख्रिस्टा वोल्फच्या ‘कासांड्रा’मधली गाळलेली वाक्यं

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात पूर्व जर्मन कादंबरीकार ख्रिस्टा वोल्फवर मला वीस मिनिटं बोलायचंय. चरित्राचा सांगाडा तयार आहे: १९६३ची ‘दुभंगलेलं आकाश’, १९७६मध्ये पूर्व जर्मनीने कवी-गायक वोल्फ बीअरमानचं नागरिकत्व काढल्यावर निषेधाच्या पत्रावर केलेली सही, ‘काय उरतं’ या तिच्या पुस्तकावरून १९९०मध्ये झालेला वाद, आणि १९५९ ते ६२ या काळात श्टाझीला (पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांना) माहिती दिल्याचं १९९३मध्ये उघड झालेलं प्रकरण. तेवढ्यावरून तिला मोडीत काढणं मला पटत नाही, पण तो वाद इथे नको.

अडलंय ‘कासांड्रा’ या तिच्या कादंबरिकेपाशी. माझ्याकडे आउफबाउ या पूर्व जर्मन प्रकाशनाची १९८३ची जुनी प्रत आहे, त्यात कादंबरिकेसोबत तिने फ्रँकफुर्टला दिलेली चार व्याख्यानंही आहेत. तिसऱ्यात वाक्य चालता चालता मध्येच टिंबं येतात. निःशस्त्रीकरणावरचा मजकूर सेन्सॉरने कापला, पण गाळल्याच्या खुणा तिथे राहिल्या. (मला तर ती टिंबंच जास्त बोलकी वाटतात.) पश्चिम जर्मनीतल्या लुख्टरहांट प्रकाशनाच्या आवृत्तीत मजकूर पूर्ण आहे.

माझं जर्मन ए-टू म्हणजे प्राथमिक पातळीचं, त्यामुळे दोन आवृत्त्या ओळीओळीने ताडून बघणं झेपत नाही. इंग्रजी अनुवाद उघडला, पण तो कुठल्या आवृत्तीवरून केलाय ते आत छापलेलं सापडलं नाही. ग्रंथालयातून जर्मन प्रत मागवायला वेळ नाही. पीडीएफची लिंकही नको.

कुणाकडे लुख्टरहांटची प्रत असेल, तर तिसऱ्या व्याख्यानातला गाळलेला एखादा परिच्छेद नेमका काय म्हणतो, ते दोन-तीन वाक्यांत मराठीत सांगाल का? आणि इंग्रजीत तो आहे का?