टीएत आहे, नोकरी बदलायची आहे, घरात दोन महिन्यांची मुलगी आहे. सल्ला हवा

धानोरीकर:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय ३१, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणला एका कंपनीत सहा वर्षं शिफ्ट सुपरवायझर. २०२१ पासून टीएत, म्हणजे प्रादेशिक सेनेत जवान आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आपला नोकरीधंदा सांभाळून वर्षाला दोन महिन्यांचा कॅम्प करायचा, आणि बोलावणं आलं की वर्दी चढवून हजर व्हायचं. बोलावलं की ‘एम्बॉडी’, घरी सोडलं की ‘डिसएम्बॉडी’. मागच्या खेपेला नऊ महिने एम्बॉडी होतो. कुठे ते विचारू नका.

परत आल्यावर कंपनीने घेतलं, पण दुसऱ्या लाइनवर. साहेब येताजाता विचारतात, "आता परत कधी पळणार?" हसत विचारतात, पण पगारवाढीच्या वेळी हसू नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. हिशेब असा: माझे हातात ४१ हजार. बायको पतसंस्थेत, २४ हजार, सध्या बाळंतपणाच्या रजेवर, पगार चालू आहे. धानोरीत वन बीएचके, २२ लाखांचं कर्ज, हप्ता १९,१००. घरखर्च ३० हजारांच्या आसपास, आता डायपरने तोही वाढतोय. शिल्लक दीड लाख. त्यातले ४० हजार बारशाला काढावेत असं आईचं म्हणणं.

डोक्यात असं आहे की एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा डिप्लोमा करून सेफ्टीमध्ये जावं. सासरे म्हणतात, नव्या ठिकाणी टीएचं बोलूच नका. मित्र म्हणतो, तुला माजी सैनिक कोट्यातून सरकारी नोकरी लागेल, कशाला कोर्स करतोस? आणि विम्याचं मला काहीच कळत नाही. टीए सोडायची इच्छा नाही, हे आधीच सांगतो.

कांदाभजी:

मुलीबद्दल अभिनंदन! सासऱ्यांचं या एका बाबतीत ऐकू नका. बाकी जाणकार येतीलच, मी चहा घेऊन बसलोय.

खडकीचा_सुभेदार:

भावा, आधी मित्राचा गैरसमज काढतो, कारण यात पोरं दोन-तीन वर्षं घालवतात. टीएत असणं म्हणजे माजी सैनिक असणं नव्हे. टीएवाल्याला तो दर्जा तीन वाटांनी मिळतो: एम्बॉडी सेवेवर पेन्शन लागली तर, लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलं तर, किंवा शौर्यपदक मिळालं तर. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची एम्बॉडी सेवा लागते. घरी बसलेली वर्षं त्यात धरत नाहीत. तू २०२१ पासूनचे कॅम्प आणि ते नऊ महिने मिळव, दीड वर्षाच्या आसपास येशील.

केंद्राच्या गट क मध्ये माजी सैनिकांना १० टक्के, राज्यात १५ टक्के, हे सगळं खरं आहे, पण ते आमच्यासारख्यांचं. माजी सैनिकांना घरपट्टी माफीची योजना आहे, तीही तशीच. घोरपडीत मेस्कोच्या, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाच्या, दारात उभा राहिलास तर पहिला प्रश्न हाच येईल, डिस्चार्ज बुक कुठाय? तेव्हा तो कोटा सध्या डोक्यातून काढ.

आणि मुलीचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या कागदांवर तिची नोंद करणारा आदेश, निघाला का? लग्नाचा तरी निघाला होता का?

धानोरीकर:

साहेब, लग्नाचा निघालाय. मुलीचा नाही. जन्मदाखल्यावर अजून नावच नाही, बारसं व्हायचंय.

खडकीचा_सुभेदार:

मग बारसं उरकून घे. महापालिकेत वर्षाच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही. दाखला हातात आला की त्याच आठवड्यात युनिटच्या हेड क्लर्ककडे. तू एम्बॉडी असताना बायको-मुलीला वानवडीचं कमांड हॉस्पिटल किंवा खडकीचं एमएच (मिलिटरी हॉस्पिटल) मिळतं, पण कागदावर मुलगी नसेल तर खिडकीवरचा माणूस तुला ओळखत नाही. आणि हो, इथे स्वतःचा आर्मी नंबर, युनिटची जागा वगैरे लिहू नकोस. लिहिलं नाहीस ते बरंच केलंस.

एचआरवाली:

मी हिंजवडीत भरतीचंच काम करते, म्हणून सासऱ्यांच्या मुद्द्यावर लिहिते.

कायदा तुमच्या बाजूने आहे. टीएच्या सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला मालकाने रजा द्यायची आणि सेवा संपल्यावर परत कामावर घ्यायचं, हे १९४८ च्या टीए कायद्यातच आहे. पण कायदा नोकरीत असलेल्याला वाचवतो, मुलाखतीला आलेल्याला नाही. तुमच्या सासऱ्यांची भीती तिथूनच आली असणार, आणि ती खोटी नाही.

तरी लपवू नका. एक तर बायोडेटात नऊ महिन्यांचं भोक दिसणार, आणि त्याचं खोटं कारण दिलंत तर उद्या बोलावणं आल्यावर तुमची बाजू लंगडी पडते. दुसरं, नोकरी बदलली की युनिटला कळवावं लागणारच, आणि तिकडून कागद आला की कंपनीला कळायचं ते कळणारच. माझ्या मते वेळ महत्त्वाची. पहिल्या फोनवर नको. तांत्रिक फेरी झाली, त्यांना तुम्ही आवडलात, पगाराचं बोलणं सुरू झालं, की तिथे सांगा. कॅम्पचे महिने कोणते असतात, गेल्या चार वर्षांत किती दिवस गेलात, ते एका कागदावर लिहून न्या. ‘देशसेवा’ वगैरे बोलू नका, समोरचा फक्त तारखा ऐकत असतो. ऑफर आल्यावर टीएचा उल्लेख असलेली एक मेल त्यांना पाठवून ठेवा.

आताच्या कंपनीत दोन गोष्टी लगेच विचारा. ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घालायची मुदत किती? बऱ्याच ठिकाणी ती महिनाभराचीच असते, त्यामुळे तुमची कदाचित टळलीही असेल. उद्याच फोन करा. आणि बिनपगारी रजेवर असताना बायको-मुलीचं मेडिक्लेम चालू राहतं का, ते मेलवर लेखी घ्या. तोंडी उत्तर घेऊ नका, आमच्याच धंद्यातली माणसं आहेत म्हणून सांगते.

वाकडातोंड्या:

स्पष्ट बोलतो. घरात तान्हं बाळ, डोक्यावर २२ लाख, आणि हे हौसेने वर्दी घालायला जाणार. टीए सोडा, कोर्स करा, संसार करा. मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीए बोलवायचे अधिकार दिले, ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन उभ्या करायचं ठरलं, आणि तो आदेश फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. म्हणजे अजून बोलावणं येऊ शकतं.

धानोरीकर:

येऊ शकतं, म्हणूनच तर धागा काढला. हौस म्हणा हवं तर. आमच्या आजोबांची मराठा रेजिमेंटची टोपी अजून कपाटात आहे, माझी तेवढीच एक हौस.

आकडेमोड:

वाकडातोंड्या, माणसाने सोडणार नाही म्हणून सांगितलंय, आपण आकड्यांवर बोलू.

धानोरीकर, एम्बॉडी असताना पगार फौजेच्याच दराने मिळतो, बरोबर? शिपायाचं मूळ वेतन २१,७००, एमएसपी (लष्करी सेवेचं वेतन) ५,२००, दोन्हींवर जुलै २०२५ च्या दराने ५८ टक्के महागाई भत्ता. एकूण साडेबेचाळीस हजारांच्या आसपास, वर इन्क्रिमेंट आणि भत्ते. म्हणजे वर्दीतला महिना कंपनीतल्या महिन्यापेक्षा वाईट नाही. तुमचं दुखणं पगारात नाही, दोन पगारांमधल्या फटीत आहे.

खडकीचा_सुभेदार:

शंभर टक्के. कंपनीचा बंद होतो त्याच दिवशी इकडचा सुरू होत नाही. आमच्याकडच्या एका टीएवाल्याला पहिला पगार दोन महिन्यांनी पडला, तोही अर्धा. नंतर थकबाकी सगळी मिळाली, पण बँकेचा हप्ता थकबाकीची वाट बघत नाही.

आकडेमोड:

तेच म्हणतोय. हप्ता १९,१०० अधिक घरखर्च ३०,०००. तीन महिन्यांचे झाले १,४७,३००. तुमची शिल्लक दीड लाख. म्हणजे ही शिल्लक नाहीच, ही त्या फटीवरची फळी आहे. यातून कोर्सची फी भरायची नाही आणि बारशाला ४० हजारही काढायचे नाहीत (आईंना माझं नाव सांगा). फीसाठी बायकोचा पगार चालू आहे तोवर महिन्याला काही बाजूला टाका, कोर्स सहा महिने उशिरा सुरू झाला तरी चालेल.

विमा: आधी टर्म प्लॅन, बाकी सगळं नंतर. कर्ज २२ लाख आणि मुलगी दोन महिन्यांची, तेव्हा एक कोटीच्या खाली बघू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी शून्य झालाय. अर्जात टीए लिहाच, एजंट "कशाला लिहिता" म्हणाला तरी. अपघात विमा घेतलात तर अपवादांचं पान वाचा, त्यात युद्ध वगळलेलं असतं. युनिटमध्ये एम्बॉडी काळात विम्याचं किती संरक्षण आहे तेही लेखी विचारा, त्यावर विसंबून टर्म टाळू नका.

पीएफला वारस कोण लावलाय?

धानोरीकर:

बहुतेक धाकटा भाऊ. नोकरीला लागलो तेव्हा अविवाहित होतो.

आकडेमोड:

मग लग्न झाल्या दिवशी ते नामांकन रद्द झालं. पीएफच्या व्याख्येत भाऊ कुटुंबात येत नाही. आजच पोर्टलवर बायको आणि मुलीचं नाव घाला. पीएफसोबतच्या विम्यात कमाल सात लाख मिळतात, ते या कागदावर अडकतात. नोकरी बदलताना पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळता करा. सहा वर्षं पूर्ण झालीत म्हणजे ग्रॅच्युइटीला पात्र आहात, ती मागून घ्या, लाजू नका. आयकरात दोन्ही पगार दाखवा, तुमच्या आकड्यांना नव्या पद्धतीत कर बसत नाही, पण लपवलेला पगार विभागाला दिसतोच.

सदाशिवपेठी:

मुलगी आहे ना, सुकन्या समृद्धी उघडा की! ८.२ टक्के कुठे मिळतात आज? महिन्याला दहा हजार टाका.

आकडेमोड:

खातं उघडा, दहा हजार टाकू नका. तो पैसा मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी पास होईपर्यंत हाताला लागत नाही, आणि यांना पुढची दोन वर्षं हाताला लागणारा पैसा हवाय. वर्षाला किमान २५० रुपये भरून खातं जिवंत ठेवा. बायको पुन्हा कामावर रुजू झाली, कोर्स संपला, की मग वाढवा.

सुरक्षा_प्रथम:

बारा वर्षं सेफ्टीत आहे, रांजणगाव आणि तळेगाव. कोर्सबद्दल लिहितो.

दिशा बरोबर आहे. कारखाना कायद्यात १,००० किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत ती मर्यादा ५०० वर आलीय, घातक प्रक्रिया असेल तर २५० वर. चाकण पट्ट्यात जागा वाढतील. डिप्लोमावाल्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. तुमच्या सध्याच्या पदाचं पत्र ‘सुपरवायझर’ शब्दासह कंपनीकडून आत्ताच घ्या, राजीनामा दिल्यावर ते पत्र चार महिने फिरतं. बहुसंख्य कामगारांची भाषा येणं हीसुद्धा नियमातली अट आहे, तिथे तुम्ही बाहेरून आलेल्यांपेक्षा पुढे.

गोम हजेरीत आहे. एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, कोर्स आहे, हजेरी आणि प्रकल्प दोन्ही बघतात. मधेच दोन महिन्यांचा कॅम्प आला तर वर्ष वाया जाऊ शकतं. प्रवेशाआधी संस्थेच्या प्राचार्यांना भेटा, कॅम्पच्या तारखा दाखवा, काय करतील ते विचारा. आणि आजपासून कंपनीच्या सेफ्टी कमिटीत नाव घाला. फुकट आहे, कोणाला नको असतं, लगेच घेतील. सहा महिने मॉक ड्रिल घेतलेत की कळेल हे काम आवडतंय का. कागद आणि भांडणं फार असतात यात. फौजेत सेफ्टी बूट सांगितल्यावर घालतात, इथे ठेकेदाराची माणसं चपलेवर भट्टीपाशी उभी असतात.

टीएवाल्याची_बायको:

इतका वेळ फक्त वाचत होते. धानोरीकर दादा, तुमच्या बायकोसाठी लिहिते.

माझा नवरा गेला तेव्हा घरातला प्रत्येक ओटीपी त्याच्या नंबरवर यायचा. गॅस, वीज, बँक, मुलाच्या शाळेची फी, सगळं. आणि तो होता तिथे नेटवर्क नाही. हप्त्याच्या खात्यात पैसे कमी पडले तर दुसऱ्या खात्यातून वळवताही येईनात, दोन्ही खाती त्याच्या एकट्याच्या नावावर. शेवटी माझ्या भावाने भरले, आणि त्याचे टोमणे अजून ऐकतेय.

तेव्हा हप्त्याचं खातं दोघांच्या नावावर करा, ‘दोघांपैकी कोणीही’ असं. गॅस आणि विजेला तिचा नंबर द्या. सोसायटीच्या सेक्रेटरीला तिचा नंबर द्या, नाहीतर पाण्याच्या टँकरची वर्गणी मागायलाही तुम्हालाच फोन करतात. सगळे कागद एका पिशवीत, आणि पिशवी कुठे आहे ते तिला माहीत हवं, तुम्हाला नाही. आधारवर तिचं नाव माहेरचं आहे का सासरचं, ते पार्ट टू ऑर्डरशी जुळतंय का, तेही बघा. आम्ही एका ‘एच’ अक्षरापायी तीन फेऱ्या मारल्यात.

धानोरीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्याने लिहितोय.

मेडिक्लेमची मुदत खरंच टळली होती, पण एचआरमधल्या एका ताईंनी नूतनीकरणात मुलीचं नाव घालू म्हणून मेल केलाय. पीएफचं नामांकन बदललं. भावाला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं, नाहीतर वहिनीने मला जगू दिलं नसतं." सेफ्टी कमिटीत नाव दिलं, साहेब पहिल्यांदा न हसता बोलले. प्राचार्यांना शनिवारी भेटतोय, कोर्स पुढच्या वर्षी. हप्त्याच्या खात्याचा अर्ज बँकेत दिलाय, बायकोने पिशवी शिवून घेतलीय, जुन्या वर्दीच्या कापडाची.

बारसं रविवारी, घरच्या घरी, आई तीन दिवस बोलत नव्हती. आत्याने नाव ठरवलंय. आता दाखल्यावर इंग्रजीत त्यात एक ‘ए’ घालायचा की दोन, यावर भांडण चालू आहे. सुभेदार साहेब, पार्ट टू ऑर्डरला कुठलं चालतं?

खडकीचा_सुभेदार:

जे दाखल्यावर आहे तेच. एकच ‘ए’ घाला. क्लर्क दुसरा विसरतो.