माहितीपटाला खरंच फक्त मोबाइल पुरतो?

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘माहितीपटकार आनंद पटवर्धनांसारखी कारकीर्द आता नाशकात बसून मोबाइल आणि यूट्यूबवर होते, पैसा-संस्था काही लागत नाही.’ वाचून राहवलं नाही. त्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ १४ वर्षं चित्रित होत होता. ज्यावरून तो सुरू झाला तो मुंबईतल्या रमाबाई नगरचा दलित वस्तीवरचा पोलीस गोळीबार १९९७चा, माहितीपट २०११चा. एवढी वर्षं फुटेज जपायचं कसं? सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलं तर तासाला ४५ जीबी. २०० तासांचे ९ टीबी, आणि वेगळ्या घरात दुसरी प्रत हवीच, म्हणजे १८. एकच डिस्क ठेवली आणि ती बसली, तर सगळं गेलं.

पंचवटीकर: ती पोस्ट माझीच. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९१२मध्ये रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली आणि त्यावर पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळवलं. कुठली संस्था होती पाठीशी? पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक बांधलं, पण त्यात दर आठवड्याला माहितीपट दाखवा म्हणून कुणी भांडत नाही. त्यावर बोला!

सातपूर_ध्वनी: स्मारकाचा वेगळा धागा काढा. मोबाइलची खरी गोची आवाजात आहे. रामकुंडावर मुलाखत घेताना मागे भोंग्यावर गाणं चालू असेल, तर वाक्य कापता येत नाही. कापलं की गाणं उडी मारतं. शिवाय त्या गाण्याचे हक्क कोण घेणार? आधी भोंगा बंद करायला सांगा, नाहीतर माणसाला गल्लीत न्या. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून कॉलर माइकला फर लावा, मीटरवर आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, निघताना त्या जागेचा नुसता आवाज ३० सेकंद घ्या.

पंचवटीकर: रेकॉर्डर वेगळा ठेवतोच की आम्ही. शाळा घेऊ नका.

सातपूर_ध्वनी: मग तर जास्तच ऐका. मोबाइलचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपतो तो वेग, आपोआप खालीवर होतो. ४० मिनिटांच्या सलग मुलाखतीत शेवटी ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे.

पंचवटीकर: अ‍ॅपमध्ये २५ला लॉक करायचा, शटर १/५० सेकंदाला. ट्यूबलाइटही फडफडत नाही. एवढं कळतं आम्हाला!

सातपूर_ध्वनी: लॉक केलात तरी दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. चित्र आणि आवाज जुळवायला टाळी सुरुवातीला वाजवा आणि शेवटीही. शेवटची टाळी नसेल तर किती सरकलं हे एडिटरने ओठ बघून शोधायचं का?

गोदाकाठ: मूळ मुद्दा सुटतोय. माहितीपट आधीच यूट्यूबवर टाकला, तर प्रीमियर, म्हणजे पहिला खेळ, मागणारे महोत्सव दार लावतात. राष्ट्रीय पुरस्काराला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. दूरदर्शनवर दाखवण्यासाठी पटवर्धन पुन्हापुन्हा कोर्टात गेले, एका माहितीपटाचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून २००६मध्ये आला. म्हणे संस्था लागत नाही!

पंचवटीकर: बरं, डिस्क आणि प्रीमियरचं मान्य. शेवटच्या टाळीचंही. पण पटवर्धनांनी वस्त्यांमध्ये पडदा लावूनच माहितीपट दाखवले ना? ते नाशकात होतं, त्याला मुंबई लागत नाही. यावर मी हटणार नाही.

गोदाकाठ: होतं, मान्य. मग २०२७च्या सिंहस्थाच्या शेजारी ठेवायला २०१५च्या सिंहस्थाचं न कापलेलं फुटेज कुणाकडे आहे, तेवढं इथे सांगा. आवाजासकट हवं.