देवाचे प्रतिरूप, मूळ पाप आणि मानवी हक्क

चर्चाप्रस्ताव
मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन मानवी हक्कांचा पाया म्हणून सांगितले जाते. माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. प्रतिरूपामुळे माणसाची प्रतिष्ठा कळते. ती कोणाच्याही हाती सुरक्षित नाही, हे मात्र मूळ पापाच्या, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतःच पापी आहे या, सिद्धान्तातून कळते. राजा, पाळक (चर्चचा धर्मगुरू) आणि बहुमत हे सगळेच पतित असतील, तर दुर्बळाला कोणाच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही. त्याला हक्कच हवा.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. १८५७ साली दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे निर्णय घेणाऱ्या सभेने, ठरवले, की गोरेतर विश्वासणाऱ्यांना त्याच मंडळीत सामावून घेणे शास्त्राला धरून आहे; परंतु 'काहींच्या दुर्बलतेमुळे' कार्यात अडथळा येत असेल, तर त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीला, गोरेतरांच्या पंगतीस बसायला कचरणाऱ्या गोऱ्यांची ही दुर्बलता होती आणि उठावे लागले ते गोरेतरांना! माणूस सदोष आहे, या विचारानेच इथे दोषाला सवलत दिली. १८८१ साली मिश्रवंशीयांचे मिशन चर्चच वेगळे झाले.

प्रस्तावकाचे उत्तर
आपला दाखला खरा आहे आणि ख्रिस्ती म्हणून तो मला बोचतो. पण सिनडने 'पाप' हा शब्द वापरला नाही, 'दुर्बलता' म्हटले. दुर्बलतेला सांभाळून घेता येते; पापाचा पश्चात्तापच करावा लागतो. पुढे त्याच मिशन चर्चने १९८२ साली बेल्हारच्या विश्वासकबुलीचा (आपण काय मानतो, हे जाहीर करणाऱ्या निवेदनाचा) मसुदा केला, १९८६ साली ती स्वीकारली आणि देव विशेषेकरून अन्याय झालेल्यांचा आहे, असे त्यात लिहिले.

प्रतिसाद २
म्हणजे १८५७ पासून सव्वाशे वर्षे गेली, आणि लिहिले कोणी, तर ज्यांना बाहेर बसवले त्यांनी. शास्त्र दोघांच्याही हाती तेच होते. म्हणून हक्काचा आधार कायद्यातच असावा, असे मला वाटते.

प्रस्तावकाचे उत्तर
कायदा हवाच. परंतु वर्णभेदही कायद्यानेच चालत होता. त्याला पाप म्हणण्यासाठी कायद्याबाहेरचे माप लागते. १९९० साली दक्षिण आफ्रिकेतील चर्चच्या रस्टनबर्ग येथील परिषदेत गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने पापाची कबुली दिली.

प्रतिसाद २
त्या कबुलीचा मी आदर करतो. पण काळ्या माणसाला मतपेटीपर्यंत पोहोचायला त्यानंतरही १९९४ साल उजाडावे लागले.