'इथं डी-मार्ट येणार म्हणे' : तुमच्या गल्लीतल्या अंदाजांचा धागा

सिडकोतल्या (छत्रपती संभाजीनगर) आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन जुने बंगले पाडून चार महिने झाले. भोवती निळे पत्रे मारलेत. पत्र्यावर काहीही लिहिलेलं नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. पहिल्या आठवड्यात तिथं हॉस्पिटल येणार होतं. मग मंगल कार्यालय. दिवाळीनंतर एक माणूस टेप घेऊन रस्ता मोजताना दिसला, तेव्हापासून डी-मार्ट पक्कं. समोरच्या आजींनी परवा विचारलं, "सरकता जिना असंल का गं? मला भ्या वाटतं." मी हसले. घरी येऊन मात्र नवऱ्याला म्हटलं, आपला फ्लॅट इतक्यात विकायचा नाही. म्हणजे मीही त्यातलीच.

तुमच्याकडे काय काय येणार होतं? आलं का? येणार म्हणून कुणी काय करून ठेवलं? लिहा. कुणाबद्दल तक्रार असेल तर नाव न घेता.

लातूर, गंजगोलाईच्या मागं
गोलाई म्हणजे आमची गोल बाजारपेठ, १९१७ सालची, तिला सोळा रस्ते फुटतात, आणि माझ्या आठवणीत त्यातला प्रत्येक रस्ता एकदा तरी 'रुंद होणार' होता. एका सकाळी आमच्या गल्लीत भिंतींवर लाल खुणा दिसल्या. शेजारचे मामा दुपारी घण घेऊन स्वतःचाच ओटा फोडायला बसले. "काय करलालाव हो मामा?" तर म्हणे, त्यांनी फोडायच्या आधी आपणच फोडलेला बरा, निदान फरशा तरी शाबूत निघतील. महिन्यानं कळालं, खुणा पाइपलाइनवाल्यांच्या होत्या. फरशा अजून जिन्याखाली रचलेल्या आहेत.

नांदेड
आम्हाला अफवेला हसता येत नाही, कारण आमची खरी झालेली आहे. २००८ ला शिखांचा गुरु-ता-गद्दीचा सोहळा होता. त्याआधी 'रस्ते होणार, दुकानं कापणार' असं सगळे म्हणत होते आणि वडील म्हणायचे, हे मी लहानपणापासून ऐकतोय. दुकान पुढून चार फूट गेलं. आता शटर उघडलं की गल्ला आणि त्याच्या मागं लगेच भिंत. वडील खुर्ची बाहेर टाकून बसतात.

परभणी, किराणा दुकानदार
तुम्ही सगळे येणाऱ्या दुकानाबद्दल बोलताय, मी ज्याच्या पोटावर ते येणार होतं तो. बावीस वर्षं दुकान आहे, आधी वडील मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाली करायचे.

तीन वर्षांमागं कंपनीचा सेल्समन ऑर्डर घ्यायला आला आणि म्हणाला, शेठ, चौकात मोठं मार्ट येतंय, तुम्ही बघा आता काय करायचं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं मलाच विचारायला लागली. मजा पुढं आहे. माझ्या उधारीच्या वहीत तेव्हा साठेक खाती चालू होती. नेहमी एक तारखेला येणारे लोक दहा तारखेला यायला लागले, मग पंधराला. एक जण तोंडावर म्हणाला, "बंदच करणार आहात ना, मग एकदमच हिशेब करू की." बंद करणार हे मला त्यानं सांगितलं!

मी घाबरलो आणि माल कमी भरला. साबणाचे आठ प्रकार ठेवायचो, चार ठेवले. तांदळाचा कट्टा दहाच्या जागी चार. करडईचं तेल बंद केलं, अडकून पडायला नको म्हणून. मग बायका म्हणायला लागल्या, तुमच्याकडं आजकाल काही मिळतच नाही. आणि रिक्षा करून दुसऱ्या टोकाच्या मार्टला जायला लागल्या. म्हणजे मार्ट यायच्या आधीच माझं गिऱ्हाईक तिकडं गेलं, आणि पाठवलं मीच.

मार्ट अजून आलेलं नाही. त्या जागेवर लग्नाचा मंडप टाकणाऱ्यांचे बांबू पडलेत. मी करडईचं तेल परत ठेवलंय, पण जुन्यांपैकी निम्मे परत आले नाहीत. रात्री दहाला हिंगाची डबी आणि उपवासाचा साबुदाणा लागला की मात्र शटर वाजवतात. एक कबुली देतो. गोडतेलाची पिशवी मोठ्या दुकानात माझ्या खरेदीपेक्षा स्वस्त मिळाली, तेव्हा मीही तिथून पाच आणून विकल्यात.

संभाजीनगर, पूर्वी प्लॉटची दलाली करायचो
ताई, दोन बंगल्यांच्या जागेत डी-मार्टचं पार्किंगसुद्धा बसायचं नाही. निवांत रहा. त्यांचं पहिलं दुकान २००२ ला पवईला निघालं, तेव्हापासूनची रीत अशी की जागा शक्यतो विकतच घ्यायची, भाड्यानं कमी. त्यामुळं "आमच्या चुलत्यानं गाळा त्यांना भाड्यानं दिलाय" असं कुणी म्हणालं की चहा प्या आणि सोडून द्या. आमच्या धंद्यात 'नियोजित मार्टपासून दोन मिनिटं' असे बोर्ड लागायचे. नियोजित कुणी केलं, कुणी विचारायचं नाही. तेवढ्या शब्दावर इसार दिलेले लोक मी पाहिलेत, आणि खोटं कशाला बोलू, दोन इसार मीही घेतलेत.

पत्र्यावरून काही कळत नाही. फ्लॅट किंवा गाळे विकायचे असतील, ते आठाच्या वर असतील आणि जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर नोंद दिसायला हवी. तिथं बघा.

गुंठेवारीवाली, सातारा परिसर (संभाजीनगर)
आमच्याकडं मार्ट नाही, आधी घर नियमित होऊ द्या! गुंठ्या-गुंठ्यानं घेतलेल्या, मंजुरी नसलेल्या जागेवरच्या घरांचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात आली. फाइल घेऊन फिरतेय. गल्लीत मात्र एक जण छातीठोक सांगतो की मोठं दुकान आलं की रस्ता आपोआप होतो.

संभाजीनगर, जुनी सोसायटी, १६ फ्लॅट
पुनर्विकास निघाला आणि 'खाली किराणा मॉल, वर आपण' असं कुणीतरी बोललं. झालं. तळमजल्यावरचे दोघं म्हणाले, मग आम्हाला दुकानाचा भाव द्या. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्के लेखी संमती लागते, म्हणजे आमच्यात नऊ जण. आठ झालेत. नववे काका दर सभेला विचारतात, "मॉलचा वास वर येणार नाही ना?" बिल्डरनं मॉलचं नावही काढलेलं नाही.

औसा तालुका
३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमचं गाव नवीन जागी बसलं. रस्ते इतके रुंद की मीठ आणायला आईला जुन्या गावाच्या तिप्पट चालावं लागायचं. शेवटी एका बाईनं घराच्या खिडकीतूनच साखर, चहापत्ती विकायला सुरुवात केली. नकाशात ते दुकान नव्हतं. खिडकी अजून चालू आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. परभणीच्या दादांचं वाचून मी आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकांची दोन महिन्यांची उधारी आज चुकती केली. काका दचकले, म्हणाले, तुम्ही घर सोडून चाललात का?

महारेरावर अजून काही सापडलं नाही. आज पत्र्याचं दार उघडं होतं म्हणून डोकावले. विटांचा ढीग, एक बाज, आणि जिथं बंगल्याचा हौद होता तिथं वॉचमनच्या बायकोनं मेथी लावलीय. काकांच्या दुकानासमोर गोणपाट टाकून विकते.

लातूर
जुडी कितीला?

धागाकर्ती
दहाला दोन. थंडी आहे तोवर.