मदत हवी आहे: मीठ कमी केलं, पाणी वाढवलं, आता उठताना चक्कर येते

वय 52. तीन महिन्यांपूर्वी बीपी 150/94 निघालं. बीपीची गोळी टेल्मिसार्टन 40 चालू आहे, महिन्यापूर्वी त्यात क्लोरथॅलिडोन 12.5 या लघवीच्या गोळीची भर पडली.

दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणून सकाळीच एक सपाट छोटा चमचा वाटीत काढून ठेवते. दिवसभर त्यातलंच, वरून चिमूटही नाही. पाकिटातलं खाणं बंद. 'मीठ धुऊन निघतं' असं कुणीतरी सांगितलं म्हणून पाणी मात्र चार लिटरवर नेलं. (हा शहाणपणा माझाच, डॉक्टरांचा नव्हे.)

आता बसून 128/80 येतं, पण उठून मिनिटभराने घेतलं की 108/68, आणि डोळ्यांपुढे अंधारी. रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं. यंत्र दंडाचं आहे, पाच मिनिटं शांत बसूनच मोजते. मधुमेह नाही, क्रिएटिनीन (किडनीची तपासणी) नॉर्मल, रक्तातलं सोडियम 133, म्हणजे थोडं कमी.

डॉक्टरांना फोन केला. गोळ्या तशाच ठेवा, पाणी तहानेपुरतं प्या, आठवड्याने सोडियम पुन्हा तपासू म्हणाले. त्यामुळे गोळी बदलण्याचा सल्ला नको. कमी सोडियमचं मीठही सुचवू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननेही ते वाढू शकतं.

अडलंय ते 'तहानेपुरतं' या शब्दावर. घोट घोट पिण्याची इतकी सवय लागलीय की खरी तहान ओळखूच येत नाही. लघवीची गोळी चालू असताना तुम्ही पाण्याचं प्रमाण कशावरून ठरवता: लघवीचा रंग, रोजचं वजन, की डॉक्टरांकडून ठरावीक आकडाच घेतलात?