आठ पीसी, एक टॅली : पैसे भरून अँटीव्हायरस घ्यावा की डिफेंडर पुरे?

सूतवाला
इचलकरंजीत सुताचा व्यापार आहे. ऑफिसात ८ पीसी, सगळ्यांवर विंडोज ११, टॅलीचा डेटा एका मशीनवर. अँटीव्हायरसचं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. डीलर म्हणतो एंडपॉइंट (सगळ्या पीसींवर एका जागेवरून लक्ष ठेवणारा विकतचा अँटीव्हायरस) घ्या. पोरगा म्हणतो विंडोजसोबतच येणारा डिफेंडर फुकट आहे, कशाला पैसे घालवता? काय करू?

नेटकरी
पोराचं ऐका. डिफेंडर आता पूर्वीइतका लेचापेचा राहिलेला नाही. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने धुमाकूळ घातला, पण त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अपडेट टाळणारे अडकले. वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी दोन हार्डडिस्क घ्या, एक कायम काढून ठेवलेली.

हार्डवेअरकाका
अपडेटवर एवढी भिस्त नको. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला आणि इकडे न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं.
घरच्या लॅपटॉपला डिफेंडर ठीक. ८ पैकी कुठल्या मशीनवर स्कॅन बंद पडलंय हे फुकटात एका जागी बसून दिसत नाही, एंडपॉइंटच्या कन्सोलवर दिसतं. पेनड्राइव्हही तिथूनच बंद करता येतात. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचं सेक्राइट घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टचंच डिफेंडर फॉर बिझनेस. तेही विकतच मिळतं. (विकणं हा माझा धंदा आहे, हे आधीच सांगतो.)

नेटकरी
काका, कन्सोल बघणार कोण? डीलर टाकून जातो. मग 'टॅली स्लो झालं' अशी ओरड झाली की अख्खं टॅलीचं फोल्डर एक्सक्लूजनमध्ये (स्कॅनमधून वगळायच्या यादीत) जातं. म्हणजे तिजोरी सोडून बाकी घराला पहारा!

हार्डवेअरकाका
हा दोष टाकणाऱ्याचा. सॉफ्टवेअरचा नव्हे.

सीएताई
ब्रँडवरून भांडताय, पण सूतवालेदादा, घरून टॅली कसं बघता? राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून पीसी चालवायचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडा आहे का? पासवर्ड फोडून कोणी ॲडमिन म्हणून आत आला, तर आधी अँटीव्हायरसच बंद करायला बघतो. मग तो फुकटचा असो की विकतचा.

सूतवाला
ताई, उघडाच आहे. डीलरनेच करून दिलाय. अँटीव्हायरस आहे म्हणाला, काळजी नको.

नेटकरी
घ्या!

हार्डवेअरकाका
आज दुकान बंद करायच्या आत तो पोर्ट बंद करून घ्या. घरून बघायचं तर व्हीपीएन (ऑफिसशी सुरक्षित खाजगी जोडणी) लावा, पासवर्डही बदला. आणि लायसन्स घ्याच, नेटकरी काही का म्हणेनात.