मदत हवी: बडोद्याच्या स्मॉल कॉज कोर्टाने मीडिएशनला पाठवलंय, जावं का?

विश्वामित्री_काठ
पुढच्या आठवड्यात मीडिएशन सेंटरची तारीख आहे. रावपुऱ्यातलं भाड्याचं दुकान सोडलं, मालक डिपॉझिट देत नाही. जजसाहेबांनी मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोर बसून तडजोडीला, पाठवलं. आमचे वकील म्हणतात वेळ जाईल, बाकी काही होणार नाही. मालक आत्तापासूनच "अर्धे घ्या आणि विषय संपवा" म्हणतोय. तिथे सही केली आणि फसलो तर? आणि नाही गेलो तर केस जाईल का? कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा, खूप टेन्शन आहे.

मांडवीकर
ताई, दावा कोणाच्या नावावर आहे? करार लेखी आहे का? डिपॉझिट चेकने दिलं की रोख?

जुना_पादरा
मीडिएशन वगैरे सोडा. पोलिसांत विश्वासघाताचा अर्ज द्या, चार दिवसांत पैसे काढतो की नाही बघा.

मांडवीकर
काका, कृपा करून असा सल्ला देऊ नका. दिवाणी देण्याघेण्याला फौजदारी रंग देण्यावरून सर्वोच्च न्यायालयाने कितीदा फटकारलंय.

विश्वामित्री_काठ
दावा आईच्या नावावर आहे, शिवणकामाचं दुकान तिचंच होतं. करार आहे. थोडं चेकने, बाकी रोख. पण याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध? जावं की नाही एवढंच सांगा.

मांडवीकर
संबंध आहे. वादी आई आहेत, तर तिथे आईच हव्यात. समोरचा आकडा बोलला आणि तुम्ही "घरी विचारून सांगते" म्हणालात, की त्या दिवसाची बैठक वाया. त्यांना खरंच जमत नसेल तर रीतसर अधिकारपत्र देऊन तुम्ही जा. ते कसं लागेल ते सेंटरला आधी विचारा.

सनीव्हेल_मराठी
मी कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्स कोर्टात स्वयंसेवक मीडिएटर म्हणून बसतो. इथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, सुनावणीत वकील उभा राहू शकत नाही, आणि दावा लावणारा हरला तर त्याला अपील नाही. म्हणून लोक आत जाण्याआधी आमच्यासमोर बसायला तयार होतात. डिपॉझिटची भांडणं तर नेहमीची. माझा सल्ला एकच: एकूण रकमेवर घासाघीस करू नका. मालकाकडून कपातीची यादी मागा. रंगाचे किती, शटरचे किती, वीजबिलाचे किती. प्रत्येक ओळीला पावती मागा. "अर्धे घ्या" म्हणणाऱ्याची ओळ दर ओळ वाटाघाटीत बहुतेक वेळा पंचाईत होते.

हायकोर्ट_रस्ता
यादीचा मुद्दा चांगला आहे, पण तिकडचे नियम इथे चिकटवू नका. आपल्याकडे स्मॉल कॉजचा कायदा १८८७ चा. त्याखालच्या हुकूमनाम्यावर (कोर्टाच्या अंतिम निकालावर) अपील दोघांनाही नाही, कलम २५ खाली हायकोर्टात रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, तेवढी. भाडे कायद्याखालचा दावा असेल तर मात्र अपील आहे. ताई, तुमचा दावा नेमका कशाखाली आहे?

विश्वामित्री_काठ
माहीत नाही, वकिलांना विचारते. म्हणजे जायचं ना?

हायकोर्ट_रस्ता
जायचं. कोर्टाने पाठवलं की हजर राहणं बंधनकारक असतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १० मध्ये स्पष्ट आहे. तडजोड करणं मात्र बंधनकारक नाही. जमलं नाही तर मीडिएटर "समझोता झाला नाही" एवढाच अहवाल पाठवतो आणि केस जिथे होती तिथून पुढे सुरू. आत तुम्ही कितीवर तयार झाला होता हे जजला कळवता येत नाही. आईंना हे नीट समजावून सांगा. या भीतीपायी लोक आत तोंड उघडत नाहीत.

कारेलीबाग_मावशी
यापेक्षा राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवा. माझ्या भावाचं प्रकरण तिथेच मिटलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फीसुद्धा परत मिळते.

हायकोर्ट_रस्ता
मावशी, आकडा ठरलेला असेल तर लोकअदालत उत्तम. इथे मालक अर्ध्यावर अडलाय. लोकअदालतीत एका दिवसात ढीगभर प्रकरणं असतात, यादी काढून बोलायला सवड कुठे? मीडिएशनमध्ये मीडिएटर दोघांशी वेगवेगळं बसतो, गरज पडली तर पुढची तारीख देतो.

कारेलीबाग_मावशी
सवड मिळते की. आम्हाला मिळाली होती. उगाच लोकांना घाबरवू नका.

सूरसागर७
कोर्ट न्यायमंदिरातच ना? सूरसागरजवळ पार्किंग मिळत नाही, लवकर निघा.

मांडवीकर
अहो, कोर्टं दिवाळीपुऱ्याला गेली त्याला वर्षं झाली.

सूरसागर७
हो का! चुटपुट लागते. १८९६ ची ती इमारत, महाराणी चिमणाबाईंच्या नावाची. माझ्या आजोबांनी तिथे कारकुनी केली. त्या वास्तूचं काहीतरी चांगलं व्हायला हवं.

विश्वामित्री_काठ
कृपया विषयावर या. सही करून फसण्याचं कोणीच सांगितलं नाही. आणि मीडिएटरला पैसे द्यावे लागतात का?

हायकोर्ट_रस्ता
कोर्टाच्या सेंटरमध्ये पक्षकाराला मीडिएटरची फी नसते. बहुतेक मीडिएटर ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेले वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतात, ते निकाल देत नाहीत. सहीचं म्हणाल, तर तो कागद कोर्टासमोर जातो, कोर्ट त्यावरून हुकूमनामा करतं आणि संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. म्हणून चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय आईंना सही करू देऊ नका: रक्कम आकड्यात आणि अक्षरात, प्रत्येक हप्त्याची तारीख, पैसे बँकेतच, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय. ही शेवटची अट असली की पुढे थेट दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येते. मसुदा वाचायला वेळ मागा, तो तुमचा हक्क आहे. वकिलांना सोबत न्या, तिथे वकिलाला बंदी नाही.

सनीव्हेल_मराठी
हप्त्यांच्या अटीला पूर्ण अनुमोदन. एकरकमी मिळत असेल तर थोडी कमी रक्कम घेणंही शहाणपणाचं.

जुना_पादरा
एक पैसाही कमी घेऊ नका. कष्टाचे पैसे आहेत त्या माउलीचे.

मांडवीकर
तो निर्णय आईंचा आहे, काका. ताई, रोख दिलेल्या रकमेची पावती आहे का? मालक ती नाकारतोय का?

विश्वामित्री_काठ
पावती नाही, पण मालकाने मेसेजमध्ये पूर्ण आकडा लिहिलाय, "रंगाचे कापून देतो" असा. आता प्रिंट काढते. दुकान सोडताना काढलेले फोटो पण आहेत. आईला घेऊनच जाते, वकिलांनाही या म्हणते. सगळ्यांचे मनापासून आभार.

मांडवीकर
अहो, हे आधी सांगायचं ना! तो मेसेज सोन्यासारखा आहे. फोन पण सोबत न्या, नुसती प्रिंट नको.

अलकापुरी_अमित
याच धाग्यात विचारतो, सोसायटी माझ्या पार्किंगचे जादा पैसे परत देत नाही. तेही मीडिएशनला जाईल का?

मांडवीकर
दावा लावलाय का? नोंदणीकृत सोसायटी आहे का? वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.